किराणा यादीचं पान बनवता बनवता ब्राउझरचे इव्हेंट शिकूया

मी जावास्क्रिप्ट शिकायला लागले तेव्हा पहिलं कामाचं असं जे पान बनवलं ते आईसाठी होतं, किराण्याची यादी. वर एक बॉक्स, बाजूला बटण, खाली यादी, एवढंच. माझ्या लॅपटॉपवर इंग्रजीत टाईप करून सगळं दहा वेळा तपासलं आणि मग लिंक आईला पाठवली. तिने फोनवर मराठीत साबुदाणा टाईप केलं तर खाली जे जुने शब्द सुचायला पाहिजेत ते सुचेचनात. मग ती लॅपटॉपवर बसली, तिथे आम्ही फोनेटिक मराठी कीबोर्ड टाकलेला आहे, त्यात शब्द निवडायला एंटर मारला तर अर्धाच शब्द यादीत जाऊन पडला. "अगं, मी अजून लिहितेय तर हे पुढे का पळतंय?" असं ती म्हणाली आणि चूक नेमकी तिथेच होती. मी पानाला कोणतं बटण दाबलं गेलं ते ऐकायला लावलं होतं, आईला काय करायचंय ते ऐकायला लावलंच नव्हतं.

म्हणून हा लेख. आपण तेच पान परत पहिल्यापासून बनवूया. एचटीएमएल थोडं येतं आणि जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल, फंक्शन माहितीयत एवढं धरून चालते.

एक आधीच सांगते. इथे मी कमांडची नावं देवनागरीत आणि मधे हायफन टाकून लिहिणार आहे म्हणजे वाचायला सोपं जाईल. एडिटरमध्ये ती रोमन अक्षरांत, हायफन आणि स्पेस न देता लिहायची, पहिला शब्द लहान अक्षराने आणि पुढचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करायचा. इव्हेंटची नावं आणि ऑन-क्लिक मात्र पूर्ण लहान अक्षरांत, अपवाद फक्त डॉम-कंटेंट-लोडेड, त्यात तिन्ही शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात. नावातले डॉम आणि एचटीएमएल पूर्ण मोठ्या अक्षरांत, आणि अबॉर्ट-कंट्रोलर, इंटल, सेगमेंटर यांचं पहिलं अक्षरही मोठं. एडिटरमध्ये पहिली तीन-चार अक्षरं टाईप केली की बाकीचं तो सुचवतोच.

आधी, इव्हेंट म्हणजे नेमकं काय

पानावर काहीही घडलं की ब्राउझर त्याची एक चिठ्ठी फाडतो. माउस क्लिक झाला, बॉक्समधलं अक्षर बदललं, फॉर्म पाठवला, पान लोड झालं, फोन आडवा केला, नेट गेलं, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. या चिठ्ठीला इव्हेंट म्हणायचं. आपण आधीच सांगून ठेवायचं असतं की अमुक ठिकाणी अमुक चिठ्ठी आली तर माझं हे फंक्शन चालव, त्या फंक्शनला म्हणायचं लिसनर किंवा हँडलर.

आता हे नीट डोक्यात बसवा कारण पुढची अर्धी गोंधळाची ठिकाणं इथूनच निघतात: पानाचं जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करतं. वाण्याच्या दुकानात गल्ल्यावर एकच माणूस असतो तसं. चिठ्ठ्या रांगेत येतात, तो एक घेतो, पूर्ण करतो, मग दुसरी. तुमचं फंक्शन दोन सेकंद चाललं तर तेवढा वेळ पानावर दुसरं काही होणार नाही, क्लिक नाही की टाईप केलेलं अक्षर दिसणं नाही. त्यामुळे हँडलर छोटा ठेवायचा. गुगल वेबसाइटचा वेग मोजताना मार्च २०२४ पासून आयएनपी नावाचं माप धरतं, म्हणजे क्लिक केल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंत किती वेळ गेला, आणि त्यात २०० मिलिसेकंद किंवा त्याच्या आत असेल तरच चांगलं म्हणतात.

पायरी १: पान मांडा आणि स्क्रिप्ट योग्य जागी लावा

एक फॉर्म टॅग घ्या. त्यात एक टेक्स्ट इनपुट आणि एक बटण, त्यावर लिहा "टाका". फॉर्मच्या खाली एक रिकामी यूएल यादी. फॉर्म, इनपुट आणि यादी तिघांना आयडी द्या. जावास्क्रिप्ट वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि हेडमधल्या स्क्रिप्ट टॅगमध्ये डिफर हा शब्द टाका.

डिफर का, तर ब्राउझर पान वरून खाली वाचत जातो, स्क्रिप्ट लागली की थांबून ती आधी चालवतो. तेव्हा खालचा फॉर्म अजून तयारच नसतो, तुमचा कोड फॉर्म शोधतो, हाती नल, म्हणजे काहीच नाही, येतं आणि कन्सोलवर, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो त्या खिडकीत, लाल ओळ. नवीन शिकणारा हमखास इथे अडकतो आणि त्याला वाटतं की इव्हेंटच चुकलाय. डिफर टाकलं की पूर्ण पान वाचून झाल्यावर स्क्रिप्ट चालते. जुन्या कोडमध्ये यासाठी डॉम-कंटेंट-लोडेड हा इव्हेंट ऐकलेला दिसेल, तेही बरोबरच आहे. लोड हा इव्हेंट मात्र वेगळा, तो सगळे फोटो-बिटो येऊन संपल्यावर लागतो, त्याची वाट बघत बसलात तर हळू नेटवर पान बराच वेळ मुकं राहील.

पायरी २: पहिला लिसनर

फॉर्म क्वेरी-सिलेक्टरने पकडा, व्हेरिएबलमध्ये ठेवा. मग त्यावर अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर बोलवा. कंसात दोन गोष्टी द्यायच्या, पहिली इव्हेंटचं नाव अवतरण चिन्हांत, इथे सबमिट, आणि दुसरी तुमच्या फंक्शनचं नाव. फंक्शनला नाव देऊया वस्तू-टाका.

फंक्शनच्या नावापुढे कंस लावायचा नाही. कंस लावला की ते फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि लिसनरला त्याने परत दिलेलं काहीतरी मिळतं, बहुतेक वेळा काहीच नाही. म्हणजे पान उघडल्या उघडल्या फंक्शन चालतं आणि नंतर बटण दाबल्यावर ते चालत नाही. हे लक्षण दिसलं की आधी कंस बघा.

तुम्हाला जुन्या ट्यूटोरियलमध्ये एचटीएमएलच्या टॅगमध्येच ऑन-क्लिक लिहिलेलं दिसेल. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट बनवली, त्या सुरुवातीच्या काळापासूनची ही पद्धत आहे आणि अजून चालते. पण एका एलिमेंटला एकच ऑन-क्लिक राहतो, दुसरा दिला की पहिला पुसला जातो. अ‍ॅड-इव्हेंट-लिसनरने कितीही लावता येतात. मी तरी नवीन कोडमध्ये ऑन-क्लिक लिहू नका असंच सांगेन.

पायरी ३: सबमिट ऐका, बटणाचा क्लिक नको

बहुतेक जण "टाका" बटणावर क्लिक ऐकतात. मग एंटर मारणाऱ्यासाठी वेगळा की-डाउन, म्हणजे कळ दाबली की येणारा इव्हेंट, लावतात. मीही तेच केलं होतं आणि आईचा अर्धा शब्द तिथेच पडला. फॉर्म असेल तर बटण दाबा, एंटर मारा, फोनच्या कीबोर्डवरचं गो दाबा, सगळ्याचा शेवट एकाच सबमिट इव्हेंटमध्ये होतो. आणि मराठी फोनेटिकसारख्या कीबोर्डमध्ये सुचवलेला शब्द निवडायला मारलेला एंटर कीबोर्डच खातो, त्याने फॉर्म सबमिट होत नाही. म्हणजे हा गुंता ब्राउझरने आपल्यासाठी आधीच सोडवून ठेवलाय, आपण त्याच्या मधे पडायचं नाही.

तुमच्या फंक्शनला ब्राउझर ती चिठ्ठी पहिल्या पॅरामीटरमध्ये देतो, त्याला लोक नुसतं ई म्हणतात. वस्तू-टाका मध्ये पहिली ओळ ई डॉट प्रिव्हेंट-डिफॉल्ट. ही विसरलात तर फॉर्म सर्व्हरकडे जायला निघतो, पान रिफ्रेश होतं आणि वस्तू क्षणभर दिसून गायब. मग इनपुटची व्हॅल्यू घ्या, ट्रिमने पुढच्या-मागच्या स्पेस काढा, रिकामी असेल तर तिथूनच परत फिरा. नवीन एलआय बनवा, मजकूर टेक्स्ट-कंटेंटने भरा. इनर-एचटीएमएलने भरू नका, कारण कोणी वस्तूच्या जागी टॅग लिहिला तर तो खरोखरच पानाचा भाग होतो आणि त्यातून दुसऱ्याचा कोड तुमच्या पानात चालू शकतो. शेवटी तो एलआय यादीत जोडा, फॉर्म रीसेट करा आणि इनपुटवर फोकस परत आणा म्हणजे लगेच पुढची वस्तू लिहिता येते.

फॉर्ममधलं बटण काही न सांगता सबमिटच धरलं जातं हेही लक्षात असू द्या. उद्या "सगळं पुसा" असं दुसरं बटण फॉर्ममध्ये टाकलं तर त्याला टाईप बटण असं लिहा, नाहीतर पुसता पुसता नवीन वस्तूही पडेल.

पायरी ४: प्रत्येक वस्तूला खोडायचं बटण, पण लिसनर एकच

प्रत्येक एलआयमध्ये "खोडा" असं छोटं बटण घाला. आता तीस वस्तू असतील तर तीस लिसनर? गरज नाही. लिसनर यूएलवर एकच लावायचा.

हे जमतं कारण इव्हेंट प्रवास करतो. क्लिक झाला की चिठ्ठी आधी सगळ्यात वरून, विंडो आणि डॉक्युमेंटपासून खाली उतरत ज्यावर बोट पडलं त्या एलिमेंटपर्यंत येते, त्याला कॅप्चर म्हणतात, आणि मग तिथून परत वर चढत जाते, त्याला बबलिंग. पाण्यात बुडबुडा वर येतो तसं. असा दुहेरी रस्ता का? कारण पूर्वी नेटस्केप ४ फक्त वरून खाली यायचा आणि इंटरनेट एक्सप्लोरर फक्त खालून वर, दोघांसाठी वेगळा कोड लिहावा लागायचा. २००० साली डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने जो डॉम (ब्राउझरने धरलेली पानाची मांडणी) लेव्हल २ चा इव्हेंट स्टँडर्ड काढला त्यात दोन्ही ठेवले, आधी खाली मग वर. अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर त्यातलाच. इंटरनेट एक्सप्लोररने तो २०११ मध्ये नववी आवृत्ती आली तेव्हा घेतला, तोवर त्याची स्वतःची अटॅच-इव्हेंट होती. जुन्या कोडमध्ये ते नाव दिसलं तर घाबरू नका, आता लागत नाही. आपण काही वेगळं सांगितलं नाही तर लिसनर वर चढतानाच ऐकतो.

तर यूएलवर क्लिक ऐका आणि आत ई डॉट टार्गेट बघा. टार्गेट म्हणजे बोट प्रत्यक्ष ज्यावर पडलं तो एलिमेंट, करंट-टार्गेट म्हणजे ज्यावर तुम्ही लिसनर लावलाय तो, इथे यूएल. या दोघांत गल्लत होते, मी महिनाभर करत होते. आणखी एक खाच आहे, बटणात कचराकुंडीचा आयकॉन ठेवला तर टार्गेट आयकॉन येतो, बटण येत नाही. म्हणून टार्गेट बटण आहे का असं थेट विचारू नका, टार्गेट डॉट क्लोजेस्ट वापरा, तो स्वतःपासून सुरू करून वर वर शोधत जातो. बटण सापडलं तर त्याच्यावरचा एलआय परत क्लोजेस्टनेच शोधा आणि रिमूव्ह करा, बटण नाही सापडलं तर परत फिरा.

फायदा असा की नंतर टाकलेल्या वस्तूंनाही हाच लिसनर लागू होतो, नवीन काही जोडावं लागत नाही. याला इव्हेंट डेलिगेशन म्हणतात, आणि नवशिक्याने एकच युक्ती शिकायची असेल तर मी हीच सांगेन.

फोकस (बॉक्समध्ये शिरल्यावर येणारा) आणि ब्लर (बाहेर पडल्यावर येणारा) हे वर चढत नाहीत. त्यांच्यासाठी फोकस-इन आणि फोकस-आउट आहेत, ते चढतात. स्टॉप-प्रोपॅगेशनने चिठ्ठी मधेच अडवता येते पण सहसा अडवू नका, वर कोणीतरी तिची वाट बघत असतं, उदाहरणार्थ बाहेर क्लिक केल्यावर मेनू बंद करणारा कोड, आणि मग तो मेनू का बंद होत नाही ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

पायरी ५: टाईप करणं, आणि मराठी कीबोर्ड

आता खरा मुद्दा. बॉक्समध्ये लिहिता लिहिता खाली जुने शब्द सुचवायचे आहेत. मी पहिल्यांदा की-डाउन ऐकून ई डॉट की मधून एकेक अक्षर गोळा करत होते. इंग्रजीत छान चाललं. अँड्रॉइडवर जीबोर्डने, म्हणजे गुगलच्या कीबोर्डने, अक्षरं टाईप करताना मात्र की मध्ये "अनआयडेंटिफाइड" असं येतं आणि जुना की-कोड, म्हणजे कळीचा नंबर, बघितला तर प्रत्येक अक्षराला २२९. कारण फोनचा कीबोर्ड एकेक कळ पाठवतच नाही, तो शब्द जुळवत असतो, मागचं अक्षर बदलतो, सुचवलेला शब्द बसवतो. आईचे शब्द सुचत नव्हते त्याचं हे कारण. माउसने पेस्ट केलं, बोलून लिहिलं तरी की-डाउन येत नाही.

उपाय सोपा आहे: इनपुट नावाचा इव्हेंट ऐका. बॉक्समधला मजकूर कसाही बदलला, टाईप करून, पेस्ट करून, बोलून, तरी तो येतो, आणि आत तुम्ही फक्त बॉक्सची व्हॅल्यू वाचायची. चेंज नावाचाही आहे पण टेक्स्ट बॉक्समध्ये तो लिहून झाल्यावर, बाहेर पडताना किंवा एंटर मारल्यावर येतो, म्हणजे सुचवायला उपयोग नाही, तपासायला आहे.

शब्द जुळत असताना तीन इव्हेंट येतात, कॉम्पोझिशन-स्टार्ट, कॉम्पोझिशन-अपडेट आणि कॉम्पोझिशन-एंड. चॅटच्या बॉक्ससारखं काही असेल, टेक्स्ट-एरिया, एंटरने पाठवायचं आणि शिफ्ट-एंटरने नवी ओळ, तर तिथे की-डाउन लागतोच. तेव्हा आत पहिली तपासणी ई डॉट इज-कॉम्पोझिंग ची करा, ते खरं असेल तर काही न करता परत फिरा. सफारीत कॉम्पोझिशन-एंड आधी येतो आणि मग एंटरचा की-डाउन, त्यामुळे तिथे इज-कॉम्पोझिंग खोटं दिसतं, म्हणून की-कोड २२९ आहे का हेही जोडीला तपासतात. की-कोड तसा बाद झालेला आहे पण या एका कामाला अजून उपयोगी पडतो.

शॉर्टकट करताना की आणि कोड यातला फरक कळला पाहिजे. इनस्क्रिप्ट लेआउटवर इंग्रजी के ची कळ दाबली तर की मध्ये क येतं, कोड मध्ये की-के, म्हणजे की सांगते काय उमटलं आणि कोड सांगतो कीबोर्डवरची जागा. गेममधल्या हालचालींना कोड, बाकी बहुतेक ठिकाणी की.

अक्षरं मोजतानाही मराठीत फसगत होते. "साबुदाणा" आपल्याला चार अक्षरं दिसतात पण लेंग्थ विचारली तर ८ येते, कारण काना, उकार वेगळे मोजले जातात. मॅक्स-लेंग्थ हे अ‍ॅट्रिब्यूटही असंच मोजतं, तेव्हा इंग्रजी बघून २० अक्षरांची मर्यादा ठेवली तर मराठीत दहा-बारा अक्षरांतच बॉक्स अडेल. दिसतात तशी अक्षरं मोजायची तर इंटल डॉट सेगमेंटर आहे, त्याने साबुदाणा चारच येतात, जोडाक्षरं मात्र जुन्या ब्राउझरमध्ये तुटून मोजली जाऊ शकतात. मी सरळ मर्यादाच सढळ ठेवते.

प्रत्येक अक्षराला सगळी यादी चाळायची गरज नसते. इनपुट आला की सेट-टाइमआउटने ३०० मिलिसेकंदांनी शोध लावा, आणि त्याआधी दुसरा इनपुट आला तर क्लिअर-टाइमआउटने जुना रद्द करा. याला डिबाउन्स म्हणतात, पाच ओळींचं काम आहे, यासाठी लायब्ररी घेऊ नका. सर्व्हरकडून शब्द आणत असाल तर हे हवंच.

पायरी ६: बोट, माउस, आणि बटण बटणच असू द्या

डिव्हला क्लिक लावून त्याला बटणासारखं रंगवायचं, हे करू नका. खऱ्या बटणावर टॅबने जाता येतं, एंटर किंवा स्पेस दाबला तरी क्लिक इव्हेंट येतो, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडर ते बटण आहे असं सांगतो. डिव्हला यातलं काहीच फुकट मिळत नाही.

फोनसाठी वेगळा टच इव्हेंट लावायची गरज साध्या पानाला नसते, क्लिक पुरतो. पूर्वी फोनवर क्लिक साधारण ३०० मिलिसेकंद उशिरा यायचा कारण दोनदा टॅप करून झूम करतोय का याची ब्राउझर वाट बघायचा. आता हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग विड्थ डिव्हाइस-विड्थ असा (इथला हायफन खरा आहे, तो लिहायचाच) दिला की ती वाट बघणं बंद होतं. ओढून वस्तूंचा क्रम बदलायचा असेल तर पॉइंटर-डाउन, पॉइंटर-मूव्ह आणि पॉइंटर-अप घ्या, माउस, बोट, पेन तिघांना एकच कोड. आणि माउस वर नेल्यावरच "खोडा" दिसेल असं करू नका, फोनवर माउस नाही.

पायरी ७: यादी जपून ठेवणं

पान बंद होताना सेव्ह करू असं सगळ्यांच्या मनात येतं. बिफोर-अनलोड, अनलोड असे इव्हेंट आहेतही, पण फोनवर माणूस पान बंद करत नाही, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो आणि नंतर सिस्टम ते पान मारून टाकते, तेव्हा यातला एकही येईल याचा भरवसा नाही. म्हणून वस्तू टाकली किंवा खोडली की लगेच लोकल-स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठवणीच्या जागेत, लिहा. काही राहिलं असेलच तर डॉक्युमेंटवर व्हिजिबिलिटी-चेंज ऐका आणि व्हिजिबिलिटी-स्टेट हिडन झालं की लिहा.

दोन टॅबमध्ये यादी उघडी असेल तर विंडोवर स्टोरेज हा इव्हेंट ऐका. तो ज्या टॅबने लिहिलं त्यात येत नाही, बाकीच्या टॅबमध्ये येतो, म्हणजे आपल्याला हवा तिथेच.

पायरी ८: लिसनर काढणं

आपल्या पानाला लागणार नाही पण पॉपअप उघड-बंद होत असतील तर लागतं. रिमूव्ह-इव्हेंट-लिसनरला तेच फंक्शन द्यावं लागतं जे लावताना दिलं होतं, तसंच दिसणारं दुसरं नाही. जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन त्यामुळे याने काढताच येत नाही, आणि दोनदा लावलं तर दोनदा चालतं. नाव असलेलं तेच फंक्शन दोनदा लावलं तर ब्राउझर दुसरं सोडून देतो. एकदाच चालवायचं असेल तर तिसऱ्या जागी ऑप्शनमध्ये वन्स ट्रू. आणि पाच-सात लिसनर एकदम काढायचे असतील तर अबॉर्ट-कंट्रोलर बनवून त्याचा सिग्नल सगळ्यांना द्या, अबॉर्ट म्हटलं की सगळे सुटतात. हे मला फार उशिरा कळलं.

अडलं तर कुठे बघायचं

फंक्शनच्या पहिल्या ओळीत कन्सोल डॉट लॉग ई टाका. छापलं गेलं नाही तर लिसनर लागलाच नाहीये, छापलं गेलं तर चूक आत आहे. क्रोममध्ये एफ १२ दाबून एलिमेंट्समध्ये तो टॅग निवडा, बाजूला इव्हेंट लिसनर्स नावाचा टॅब आहे, कुठल्या फाईलच्या कुठल्या ओळीतून काय लावलंय ते दिसतं. कन्सोलमध्ये मॉनिटर-इव्हेंट्स बोलवून त्याला तुमचा इनपुट द्या आणि मराठीत टाईप करून बघा, कोणत्या क्रमाने काय काय येतं ते डोळ्यांसमोर उलगडतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पाचवी पायरी मला एका संध्याकाळीत समजली.

मग पान फोनवर उघडा आणि मराठी कीबोर्ड लावून साबुदाणा लिहा, सुचवलेल्या शब्दांतून निवडा, गो दाबा. एकदा बोलून लिहा, एकदा कुठूनतरी कॉपी करून पेस्ट करा. लॅपटॉपवर माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब आणि एंटरने एक वस्तू टाका आणि एक खोडा. दोन टॅब उघडून एकात टाका, दुसऱ्यात दिसते का बघा. फोनवर लिहिता लिहिता दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन परत या. यात कुठेही वस्तू दोनदा पडली, अर्धी पडली किंवा हरवली तर वरच्या कोणत्या पायरीत काय सुटलंय ते लगेच सापडेल. आईच्या फोनवर आता साबुदाणा एकदाच पडतो, पूर्ण.